देवाची क्षमा मिळाल्याची खात्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पापक्षमा ही ख्रिस्ती विश्वासाच्या केंद्रस्थानी असलेली शिकवण आहे. तरीही वर्षानुवर्षे उपासनेला येणाऱ्या आणि पवित्र शास्त्र नियमाने वाचणाऱ्या पुष्कळ लोकांच्या मनात ‘मला खरोखर क्षमा झाली आहे का’ हा प्रश्न घर करून असतो. असा प्रश्न पडणे म्हणजे अविश्वास नव्हे. योहानाने आपले पहिले पत्र विश्वास ठेवणाऱ्यांनाच लिहिले, आणि आपल्याला सार्वकालिक जीवन लाभले आहे हे त्यांना कळावे, हे लिहिण्याचे कारणही सांगितले (5:13). विश्वास असूनही ही जाणीव डळमळू शकते, हे प्रेषिताला ठाऊक होते. पुढील उत्तरे प्रामुख्याने प्रॉटेस्टंट परंपरेला धरून आहेत. कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स शिकवण जिथे महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे, तिथे तसे नमूद केले आहे.

मी मनापासून क्षमा मागितली, तरी क्षमा झाल्यासारखे वाटत नाही. म्हणजे क्षमा झालीच नाही का?

असा निष्कर्ष काढू नये. क्षमा होणे आणि क्षमा झाल्यासारखे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातील बहुतेक गोंधळ त्या एकच मानल्यामुळे होतो. क्षमा हा देवाचा निर्णय आहे. आपल्या मनाला तो निर्णय केव्हा पटतो, हे मात्र अनेक गोष्टींवर अवलंबून असते : थकवा, आजारपण, एकटेपणा, स्वभाव आणि लहानपणी मिळालेली वागणूक. ज्याच्या घरी चूक झाली की मोठी माणसे दिवसचे दिवस अबोला धरत, त्याला देवानेही अबोला धरला आहे असे वाटत राहिले तर त्यात नवल नाही. पण ती त्या घराची आठवण आहे, देवाचे उत्तर नव्हे.

लूकच्या अठराव्या अध्यायातील दाखल्यात मंदिराच्या आवारात दूर उभा राहून ऊर बडवणारा जकातदार आपल्यावर दया व्हावी एवढेच मागतो, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला असे येशू सांगतो. घरी जाताना त्याला कसे वाटत होते, याविषयी येशू एक शब्दही बोलत नाही. कदाचित त्याला हायसे वाटले असेल, कदाचित तो वाटभर रडत गेला असेल; त्याच्याविषयीचा निकाल दोन्ही प्रसंगी तोच राहिला असता. योहानही आपल्या पत्रात हृदय आपल्याला दोष देते अशा प्रसंगाचा उल्लेख करतो, आणि देव आपल्या हृदयापेक्षा थोर असून त्याला सर्व काही ठाऊक आहे असे सांगतो (3:19–20). ज्याला सर्व काही ठाऊक आहे त्याने क्षमा केली असेल, तर अर्धवट माहितीवर चालणाऱ्या हृदयाने तो निकाल फिरवण्याचे कारण नाही.

भावनांना काहीच किंमत नाही, असा याचा अर्थ नाही. पवित्र आत्मा आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो की आपण देवाची मुले आहोत, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे, आणि पुष्कळांना ती साक्ष शांती किंवा आनंद यांच्या रूपाने जाणवते. ती जाणवली तर देवाचे आभार मानावेत. जाणवली नाही म्हणून क्षमा रद्द झाली असे समजू नये.

मग ही खात्री नेमकी कशाच्या आधारावर उभी असते?

ती येशू ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केले आणि त्याविषयी देवाने जे वचन दिले, त्यावर उभी असते. हे उत्तर इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यातील आशय निसटून जातो. म्हणून थोडे विस्ताराने पाहणे बरे.

लेवीयच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. वर्षातून एकदा महायाजक परमपवित्रस्थानात जात असे. दोन बकरे आणले जात. एकाचा वध होऊन त्याचे रक्त आत नेले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून इस्राएलाची सर्व पापे कबूल करी, आणि मग तो बकरा अरण्यात सोडून दिला जाई. पापाची किंमत चुकवली गेली आहे आणि पाप दूर नेले गेले आहे, या दोन्ही गोष्टी लोकांना डोळ्यांनी पाहता येत. तरीही पुढच्या वर्षी तोच विधी पुन्हा करावा लागे. इब्री लोकांस पत्राचा लेखक नेमके यावरच बोट ठेवतो. याजक दररोज उभा राहून तेच ते यज्ञ करीत राहतो. ख्रिस्त मात्र पापांबद्दल सर्वकाळासाठी एकच यज्ञ अर्पून देवाच्या उजवीकडे बसला (10:11–12). करण्यासारखे काही उरले असते, तर तो बसला नसता. वधस्तंभावर त्याने उच्चारलेले ‘पूर्ण झाले आहे’ हे उद्गार (योहान 19:30) त्याच अर्थाचे आहेत.

म्हणून आपण आपली पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव क्षमा करील असे सांगताना योहान देवाला विश्वसनीय आणि न्यायी म्हणतो (1 योहान 1:9). क्षमा केवळ देवाच्या त्या दिवशीच्या मर्जीवर अवलंबून असती, तर उद्या मर्जी फिरेल ही भीती राहिली असती. परंतु ज्या पापाचा न्याय ख्रिस्ताच्या ठायी झाला आहे, त्याच पापासाठी त्याच्या आश्रयाला आलेल्या माणसाला पुन्हा दोषी ठरवणे हे न्यायाला धरून नाही. येशूचे पुनरुत्थान हा त्याचा पुरावा आहे. तो आपल्या अपराधांमुळे धरून दिला गेला आणि आपण नीतिमान ठरावे म्हणून उठवला गेला, असे प्रेषित पौल म्हणतो (रोम 4:25). ज्याला खात्री हवी आहे त्याने स्वतःच्या अंतःकरणाची नाडी सतत तपासण्याऐवजी या घटनेकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आत्मपरीक्षणाला त्याची जागा आहे; पण आधार होण्याइतके ते भक्कम नाही.

माझा पश्चात्ताप पुरेसा खरा होता, हे कसे ओळखावे?

‘पुरेसा’ म्हणजे किती, हे मोजायला बसलेला माणूस कधीच उठत नाही. किती अश्रू गाळावेत, किती दिवस व्याकूळ राहावे, याचे माप पवित्र शास्त्रात कुठेही दिलेले नाही.

पेत्र आणि यहूदा इस्कर्योत यांची तुलना या बाबतीत फार बोलकी आहे. हे दोघे येशूचे शिष्य. दोघांनी एकाच रात्री येशूशी दगा केला, यहूदाने त्याला शत्रूंच्या हाती धरून दिले आणि पेत्राने आपण त्याला ओळखतच नाही असे तीनदा सांगितले, आणि दोघांनाही तीव्र पस्तावा झाला. बाहेरून मोजायचे तर यहूदाचे पारडे जड ठरेल : त्याने चांदीची तीस नाणी परत नेऊन दिली आणि निर्दोष माणसाला धरून देऊन आपण पाप केले, अशी उघड कबुलीही दिली (मत्तय 27:3–5). पेत्राविषयी त्या रात्री तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला एवढेच लिहिले आहे. फरक पडला तो पुढे. यहूदा आपला अपराध घेऊन मुख्य याजकांकडे गेला, त्यांनी हात झटकले, आणि मग त्याने जीव दिला. पेत्र शिष्यांमध्ये राहिला, आणि तिबिर्या समुद्राच्या काठी पुनरुत्थित येशूने ‘तू माझ्यावर प्रीती करतोस का’ असे त्याला तीन वेळा विचारले, तेव्हा तो तिथे उत्तर द्यायला होता. देवाला अनुसरून होणारे दुःख तारणाकडे नेते आणि जगाचे दुःख मरणाकडे, असे पौलाने करिंथकरांस लिहिले आहे (2 करिंथ 7:10). तेव्हा दुःख किती खोल आहे यापेक्षा ते आपल्याला कोणाकडे घेऊन जाते, हे पाहावे.

आपला हेतू शुद्ध नव्हता, म्हणून पश्चात्ताप खोटा ठरला असेही पुष्कळांना वाटते. शिक्षेची भीती होती, बदनामीची भीती होती, म्हणून क्षमा मागितली असे ते म्हणतात. त्यांनी लूकच्या पंधराव्या अध्यायातील, बापाकडून घेतलेली मालमत्ता उधळून बसलेला धाकटा मुलगा घराकडे का वळला ते पुन्हा वाचावे. तो उपाशी होता, आणि बापाच्या घरी मजुरांनाही पोटभर मिळते हे त्याला आठवले. वाटेत त्याने बोलायची वाक्येही जुळवून ठेवली होती. तो दूर असतानाच बाप धावत गेला, आणि मजूर म्हणून ठेवण्याची विनंती मुलाच्या ओठांवर येण्याआधीच त्याने उत्तम झगा आणायला सांगितले. निर्भेळ हेतूने परत आलेल्या मुलाचीच वाट पाहायची असती, तर बाप अजून दारातच उभा असता.

किती विश्वास असावा लागतो?

आजारी मुलाच्या बापाने येशूपुढे आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच दमात बोलून दाखवला, आणि त्याचा मुलगा बरा झाला (मार्क 9:24–27). तारण करतो तो ख्रिस्त. विश्वास हा त्याला धरणारा हात आहे, आणि दुबळ्या हाताने धरले म्हणून धरलेली वस्तू बदलत नाही.

माझा बाप्तिस्मा झाला आहे, मी मंडळीत नियमित जातो, तरीही ही खात्री नाही. हे असे का?

हे अपेक्षेपेक्षा अधिक आढळते. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मात्र गवसला नव्हता, अशी साक्ष त्यांनी पुढे दिली आहे. त्यांच्यासारख्या व्यासंगी आणि प्रामाणिक व्यक्तीलाही धर्माचा स्वीकार आणि तारणाऱ्यावरील व्यक्तिगत भरवसा यांमधले अंतर काही वर्षे चालावे लागले. पुढे मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली तर धर्मगुरू होता आणि धर्मप्रसारासाठी समुद्रापार जाऊन आला होता. 24 मे 1738 रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका छोट्या सभेत रोमकरांस पत्रावरील, प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याची प्रस्तावना वाचली जात असताना ख्रिस्ताने आपली, आपलीसुद्धा पापे दूर केली आहेत अशी खात्री त्याला लाभली.

मात्र या दोन साक्षींवरून प्रत्येकाला एक ठरावीक क्षण आठवलाच पाहिजे, असा नियम करू नये. काहींची खात्री वर्षांच्या ओघात हळूहळू पक्की होते आणि ती कोणत्या दिवशी आली हे त्यांना सांगता येत नाही. बाप्तिस्माही निरुपयोगी नाही. शंका दाटून आली की आपला बाप्तिस्मा झाला आहे, हे स्वतःला सांगावे, असे ल्यूथर शिकवत असे. कारण त्यात देवाने आपल्या नावासह वचन दिलेले असते. प्रभुभोजनातही प्रत्येकाच्या हातात भाकरी स्वतंत्रपणे दिली जाते, आणि ‘सर्वांसाठी’ असलेली क्षमा ‘तुझ्यासाठी’ होते.

तेच पाप माझ्या हातून पुन्हा पुन्हा घडते. किती वेळा क्षमा मागावी?

भावाला किती वेळा क्षमा करावी असे पेत्राने विचारले, तेव्हा येशूने सात वेळांची मर्यादा ओलांडून सत्तर गुणिले सात असे उत्तर दिले (मत्तय 18:22). जो माणसांकडून इतकी अपेक्षा करतो, तो स्वतः त्याहून कंजूष असेल हे संभवत नाही.

तरीही इथे एक फरक ओळखणे आवश्यक आहे. पापाशी झगडताना वारंवार पडणारा माणूस वेगळा, आणि नंतर क्षमा मागून घेऊ असा हिशेब करून पाप करणारा माणूस वेगळा. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, या प्रश्नाला पौलाचे उत्तर ठाम नकाराचे आहे (रोम 6:1–2). पहिल्या माणसाला दिलासा हवा, दुसऱ्याला इशारा. अनुभव असा की दिलासा ज्यांच्यासाठी आहे ते इशारा स्वतःला लावून घेतात, आणि इशारा ज्यांच्यासाठी आहे ते दिलाशावर निश्चिंत झोपतात. आपण कोणत्या गटात आहोत हे ठरवता येत नसेल, तर एक साधी गोष्ट करावी : त्या पापाकडे नेणारी वाट बंद करण्यासाठी मदत मागावी, एखाद्या विश्वासू व्यक्तीला सांगावे, व्यसन असेल तर उपचार घ्यावेत. ज्याला पाप सोडायचेच नाही, तो सहसा मदत मागत नाही.

माझे पाप फार मोठे आहे. क्षमा न होणारे पाप माझ्या हातून झाले असेल का?

हा प्रश्न विचारणारे लोक बहुधा अत्यंत भयभीत असतात, म्हणून त्याचे उत्तर सावकाश दिले पाहिजे.

मार्कच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेहून आलेले शास्त्री येशूला बालजबूल लागला आहे आणि तो भुतांच्या अधिपतीच्या साहाय्याने भुते काढतो, असा आरोप करतात. तेव्हा येशू पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाबद्दल इशारा देतो, आणि त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे असे ते म्हणत होते म्हणून तो असे बोलला, अशी पुस्ती शुभवर्तमानकार लगेच जोडतो. म्हणजे संदर्भ आहे तो देवाचे काम डोळ्यांदेखत पाहून, ते ओळखण्याची पात्रता असून, जाणीवपूर्वक आणि निर्ढावलेपणाने त्याला सैतानाचे काम म्हणणाऱ्यांचा. रागाच्या भरात तोंडून गेलेला शब्द, मनात नकळत येऊन गेलेला घाणेरडा विचार, तारुण्यातील नास्तिकपणा किंवा एखादा गंभीर अपराध म्हणजे हे पाप नव्हे. शिवाय या इशाऱ्याच्या आधीच्याच वाक्यात येशूने माणसांच्या सर्व पापांची आणि दुर्भाषणांची क्षमा होईल असे म्हटले आहे. घाबरलेला वाचक ते वाक्य ओलांडून पुढे जातो. निर्ढावलेल्या माणसाला आपण निर्ढावलो आहोत याची खंत नसते. ज्याला क्षमा हवी आहे, त्याला ती हवीशी वाटणे हेच पवित्र आत्मा त्याला सोडून गेला नसल्याचे लक्षण आहे.

इब्री लोकांस पत्रातील सहाव्या आणि दहाव्या अध्यायांतील कठोर वचनेही याच भीतीने वाचली जातात. छळ टाळण्यासाठी ख्रिस्ताला कायमचे नाकारण्याच्या बेतात असलेल्यांना थोपवणे हा त्यांचा उद्देश आहे, आणि सहाव्या अध्यायात लेखक लगोलग आपल्या वाचकांविषयी याहून चांगल्या गोष्टींची, तारणासंबंधीच्या गोष्टींची, आपल्याला खात्री असल्याचे लिहितो.

आता पापाच्या आकाराविषयी. यहूदा या राज्याचा राजा मनश्शे याने मूर्तिपूजा पसरवली, हिन्नोमच्या खोऱ्यात आपल्या मुलांचे अग्नीत होम केले आणि निर्दोष रक्ताने यरुशलेम भरून टाकले. बंदिवान होऊन बाबेलला नेल्यावर तो नम्र झाला, त्याने प्रार्थना केली, आणि देवाने त्याची विनंती ऐकली (2 इतिहास 33). राजा दावीदाने आपला सैनिक उरीया याची पत्नी घेतली आणि उरीयाला लढाईत मारवले. पौल मंडळीचा छळ करीत होता आणि ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या वधाला त्याची संमती होती. पुढे त्यानेच स्वतःला पापी लोकांतील मुख्य म्हणवून, विश्वास ठेवणाऱ्यांना उदाहरण मिळावे म्हणून आपल्यावर दया झाली असे लिहिले (1 तीमथ्य 1:15–16). त्याहून मोठे पाप केल्याचा दावा करणारा, नकळत का होईना, ख्रिस्ताच्या रक्ताची किंमत ठरवत असतो.

मी काही पापे विसरलो असेन, तर ती क्षमेवाचून राहतील का?

नाही. दावीदाने गुप्त दोषांपासूनही मुक्त करण्याची विनंती केली आहे (स्तोत्र 19:12), म्हणजे न आठवणाऱ्या पापांसाठीही देवाकडे जाता येते. तरुण ल्यूथर मठात असताना एकही पाप सांगायचे राहू नये म्हणून तासनतास कबुली देत असे; त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ याने त्याला पापांच्या यादीवरून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला लावले.

कबुली देवापुढे पुरेशी आहे, की धर्मगुरूपुढे द्यावी लागते?

इथे परंपरांमध्ये खरा मतभेद आहे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्म्यानंतरच्या गंभीर पापांची कबुली धर्मगुरूपुढे देणे आवश्यक असते. येशूने शिष्यांना पापांची क्षमा करण्याविषयी दिलेला अधिकार (योहान 20:23) हा त्याचा आधार मानला जातो, आणि 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा कबुली देण्याचा नियम केला. ऑर्थोडॉक्स मंडळीत धर्मगुरूला कबुलीचा साक्षीदार मानण्यावर भर असतो. प्रॉटेस्टंट मंडळ्या ख्रिस्त हा एकमेव मध्यस्थ आहे यावरून थेट देवापुढील कबुली पुरेशी मानतात. मात्र त्यांच्यापैकी लूथरन आणि अँग्लिकन मंडळ्यांत हवी असल्यास पाळकापुढे खासगी कबुली देण्याची सोय आहे.

एक निरीक्षण मांडतो. वर्षानुवर्षे मनात दाबून ठेवलेले पाप एकट्याने कितीही वेळा देवाला सांगितले तरी काहींना मोकळे वाटत नाही, आणि दुसऱ्या माणसाच्या तोंडून क्षमेचे वचन ऐकल्यावर ओझे उतरते. एकमेकांजवळ पापे कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे याकोब सांगतो (5:16), ते बहुधा याचसाठी. ऐकणारी व्यक्ती मात्र तोंडाची पक्की असावी.

सर्व ख्रिस्ती परंपरा खात्रीविषयी एकच शिकवतात का?

एकच नाही. त्रेंतच्या कॅथलिक परिषदेने 13 जानेवारी 1547 रोजी असे ठरवले की आपल्याला देवाची कृपा मिळाली आहे हे कोणालाही विश्वासाच्या अचूक निश्चयाने कळू शकत नाही. मात्र देवाच्या दयेविषयी आणि ख्रिस्ताच्या पुण्याईविषयी शंका घेऊ नये, हेही तिथेच म्हटले आहे. उलट 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी या प्रॉटेस्टंट शिकवणग्रंथाने खऱ्या विश्वासाची व्याख्या करतानाच, इतरांप्रमाणे मलाही क्षमा मिळाली आहे हा भरवसा त्यात धरला. सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार या दुसऱ्या प्रॉटेस्टंट दस्तऐवजाने मधली वाट घेतली : खात्री मिळू शकते, पण खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागू शकते आणि ती कधी कधी झाकोळते. खात्री नाही म्हणजे विश्वासच नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना हे शेवटचे विधान पुष्कळ आधार देते.

क्षमा झाली असेल, तर पापाचे परिणाम अजून का भोगावे लागतात?

नाथान संदेष्ट्याने दावीदाला परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे असे सांगितले, आणि त्याच भेटीत त्याच्या घराण्यावर येणाऱ्या दुःखांचीही कल्पना दिली (2 शमुवेल 12). क्षमा देवाशी असलेले नाते पूर्ववत करते. मोडलेला विवाह, गमावलेली नोकरी, बिघडलेली प्रकृती किंवा न्यायालयाचा निकाल ती आपोआप पुसत नाही. परिणाम चालू आहेत म्हणून देव अजून रागावलेला आहे, असे समजणे चूक आहे.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती मंडळ्यांमध्ये वारंवार दडपली जाते. देवाने क्षमा केली, आता तो विषय संपला, असे म्हणून ज्याच्यावर अन्याय झाला त्याला गप्प करता येत नाही. जक्कय या जकातदाराने येशू घरी आल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे ठरवले. पौलाने अनेसिम या दासाचे देणे असेल तर ते आपल्या नावावर मांडावे, असे त्याचा धनी फिलेमोन याला लिहिले. देणे नाहीच असे पौल म्हणाला नाही. घेतलेले पैसे परत करणे, खोटे बोलून मलिन केलेले नाव स्वच्छ करणे, गुन्हा घडला असल्यास कायद्यापुढे जाणे ही क्षमेची किंमत नाही, पण क्षमा मिळालेल्या माणसाचे ते कर्तव्य आहे. पीडित व्यक्तीने लगेच पूर्ववत विश्वास टाकावा अशी मागणी करण्याचा अधिकार अपराध्याला कधीच मिळत नाही.

मी एका व्यक्तीला क्षमा करू शकत नाही. मग देव मला क्षमा करणार नाही का?

तुम्ही माणसांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला क्षमा करणार नाही, हे प्रभूच्या प्रार्थनेनंतरचे येशूचे शब्द (मत्तय 6:14–15) गंभीर आहेत आणि ते सौम्य करून सांगू नयेत. निर्दय चाकराच्या दाखल्यात धनी दहा हजार तालांतांचे कर्ज सोडतो. एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी आणि एक तालांत सुमारे 6,000 दीनारांचा, हे धरले तर ते कर्ज सुमारे 6 कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. तोच चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दाखल्यातला क्रम महत्त्वाचा आहे : धन्याची माफी आधी येते.

क्षमा करायला नकार देणे आणि क्षमा करणे जड जाणे यांत मात्र अंतर आहे. ज्याच्यावर खोल आघात झाला आहे, त्याला सूडाचा हक्क देवाकडे सोपवायला वर्षे लागू शकतात, आणि ती वर्षे देव त्याच्याविरुद्ध मोजत नाही. क्षमा करणे म्हणजे धोकादायक माणसाकडे परत जाणे किंवा तक्रार मागे घेणेही नव्हे.

देवाने क्षमा केली हे मान्य आहे, पण मी स्वतःला क्षमा करू शकत नाही.

स्वतःला क्षमा करण्याची आज्ञा पवित्र शास्त्रात कुठेही नाही, ही मला मोठी सुटका वाटते. ‘दंडाज्ञा नाही’ (रोम 8:1) हा वरच्या न्यायालयाचा निकाल आहे. खालच्या न्यायालयाने त्यावर पुन्हा सुनावणी घेण्याची गरज नाही.

क्षमा मागितल्यावर काही मिनिटांतच पुन्हा शंका येते, आणि हे दिवसभर चालते. काय करावे?

हे चक्र दररोजचे झाले असेल, प्रार्थनेचे शब्द ‘बरोबर’ म्हटले गेले नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा म्हणावे लागत असतील, नको ते विचार हटत नसतील, तर हा केवळ आध्यात्मिक प्रश्न राहिलेला नसतो. पुढे जेसुइट संघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला याने 1522 मध्ये स्पेनमधील मोंसेरात येथे लेखी तयारी करून तीन दिवस कबुली दिली. तरी पुढे मानरेसा येथे काहीतरी सांगायचे राहिले, या शंकेने तो जीव देण्याच्या विचारापर्यंत पोहोचला. अखेर जुन्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही असा निश्चय त्याने केला, आणि तो मोकळा झाला. अशा अवस्थेत वारंवार खात्री करून घेणेच शंकेला खतपाणी घालते. एकदा कबुली द्यावी, एका विश्वासू पाळकाचे किंवा धर्मगुरूचे म्हणणे मानावे, आणि शंका पुन्हा आली तरी कबुली पुन्हा देऊ नये.

धार्मिक विषयांभोवती फिरणारा मंत्रचळ, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती थांबवता न येणे, हा मानसोपचारतज्ज्ञांना परिचित आणि उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे, आणि नैराश्यातही अपराधीपणाची भावना प्रमाणाबाहेर वाढते. कवी विल्यम कूपर 1773 पासून 1800 मध्ये मरेपर्यंत देवाने आपल्याला टाकले आहे असे मानत राहिला. त्याची ख्रिस्ती गीते मात्र आजही मंडळ्या गातात. त्याच्या मनाची ती धारणा आजाराची होती. डॉक्टरांकडे जाणे हा विश्वासाचा अभाव नाही, आणि जीव देण्याचे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगून मदत घ्यावी.

एकदा क्षमा मिळाली, तर दररोज पुन्हा का मागायची?

येशूने पेत्राचे पाय धुताना ज्याचे स्नान झाले आहे त्याला पाय धुण्यावाचून दुसरी गरज नाही असे सांगितले (योहान 13:10). देवाचे मूल म्हणून झालेला स्वीकार दररोज नव्याने मिळवायचा नसतो. रोजच्या चुका मात्र रोज बापाशी बोलून मोकळ्या करायच्या असतात.

दुसरे कोणी ही शंका घेऊन माझ्याकडे आले, तर काय करावे?

आधी पूर्ण ऐकून घ्यावे. ‘त्यात काय एवढे’ असे म्हणू नये. पाप क्षुल्लक ठरवल्याने दिलासा मिळत नाही, कारण ते क्षुल्लक नाही हे त्या व्यक्तीला ठाऊक असते. कुतूहलापोटी तपशील विचारू नयेत. ऐकलेले स्वतःजवळच ठेवावे. एखाद्या मुलाला किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, तर मात्र गुप्तता पाळण्याचे वचन देऊ नये. त्यानंतर 1 योहान 1:9 किंवा स्तोत्र 32 मोठ्याने वाचावे, वाचताना त्या व्यक्तीचे नाव घ्यावे, आणि तिच्यासोबत छोटी प्रार्थना करावी. ती व्यक्ती पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न घेऊन आली तर वैतागू नये. नवे युक्तिवाद शोधत बसण्याचीही गरज नाही. तेच वचन पुन्हा वाचावे, आणि शंका वरच्या एका प्रश्नात सांगितल्यासारखी दिवसभर छळणारी असेल, तर डॉक्टरांकडे सोबत जाण्याची तयारी दाखवावी.